विखुरलेलं विमान

आमचं विमान तीनशे फुटांवर अडखळायचं. त्याच्या वर ते कुठेही अडखळत नसे. ढगांत नाही, डोंगरांवर नाही, समुद्रावर तर मुळीच नाही. पण धावपट्टी समोर आली, दोन्ही बाजूंचे दिवे दिसायला लागले, की पडद्यावरचं चित्र दीर्घ श्वास घेतल्यासारखं थबकायचं. पुन्हा हलायचं तेव्हा विमान एक तर धावपट्टीवर असायचं किंवा शेजारच्या गवतात.

हे विमान आमच्या मागच्या खोलीत, लोखंडी टेबलावर, संगणकाच्या पोटात राहायचं. मी त्याचा वैमानिक. दिवसा मी लिफ्ट बनवणाऱ्या एका कंपनीत देखभालीची वेळापत्रकं सांभाळायचो, म्हणजे माणसांना वरखाली नेण्याचा मला भरपूर अनुभव होता. विमानात त्याला फक्त आडवं जाण्याची जोड द्यावी लागते.

तीनशे फुटांच्या त्या दुखण्यातूनही मी दहातल्या आठ वेळा सुखरूप उतरत असे. त्यामुळे एकटा असताना मला त्याचं काही वाटत नव्हतं. घोडं अडलं ते साडूपाशी.

माझा साडू खराखुरा वैमानिक आहे. नात्याने मी थोरला, उंचीने तो. घरात त्याला सगळे कॅप्टनच म्हणतात. त्याची बायको, म्हणजे माझी मेहुणी, भांडतानासुद्धा. मागे एकदा तो आला तेव्हा मी त्याला कौतुकाने माझ्या खुर्चीत बसवलं होतं. तीनशे फुटांवर चित्र थबकलं, परत आलं तेव्हा कॅप्टन गवतात. तो मनापासून हसला, माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "छान आहे हो दादा खेळणं."

हा शब्द माझ्या बायकोने उचलला आणि जपून ठेवला.

बायको फिजिओथेरपिस्ट. औषधांच्या एका दुकानामागची लहानशी खोली तिने भाड्याने घेतली होती. तिथे ती लोकांचे गुडघे, खांदे आणि कमरा वठणीवर आणायची. आता दुकानदाराला ती खोली खोकी ठेवायला परत हवी होती, महिना संपायच्या आत. दुसरी जागा मिळत होती, पण तिला तीन मजल्यांचा जिना होता. गुडघे दुखणाऱ्या माणसाला तीन जिने चढवून गुडघ्यांवर उपचार करणं तिला पटेना.

"तुझ्या विमानाला खोली, आणि माझे पेशंट रस्त्यावर," ती म्हणाली.

"विमानाला जागा लागतेच."

"खऱ्याला लागते. खेळण्याला कपाटाचा वरचा कप्पा पुरतो."

"खेळणं नाहीये ते."

"बरं." तिने हातातला टॉवेल घडी घालून खाली ठेवला. ती घडी घालायला लागली की मी सावध होतो. "रविवारी सगळे येतायत. कॅप्टन तुझ्या खुर्चीत बसेल. त्याने विमान नीट उतरवलं, आणि स्वतःच्या तोंडाने म्हणाला की हे खेळणं नाही, तर खोली तुझी. मी पुन्हा विषय काढणार नाही. नाहीतर सोमवारी माझा पलंग येतोय. माझे बाबा पंच."

"मान्य," मी म्हणालो. मी इतक्या चटकन मान्य केलं की तिला संशय आला.

संशयाचं कारण नव्हतं. मला दुखण्याचं मूळ सापडलं होतं. एका संगणकाच्या मासिकात त्यावर सबंध लेख होता, आकृत्यांसह. गोष्ट अशी, की हार्ड डिस्कवर फायली ठेवताना संगणक जिथे जागा मिळेल तिथे तुकडे टाकत जातो. समजा, सहा जणांचं कुटुंब ऐन वेळी सिनेमाला गेलं आणि सहा तिकिटं सहा रांगांत मिळाली. तोपर्यंत ठीक. पण मध्येच कुणी विचारलं, घराची किल्ली कुणाकडे आहे, तर सबंध थिएटर उठवावं लागतं. माझी धावपट्टी अशीच बसलेली होती. डांबर एका रांगेत, दिवे दुसऱ्या, टॉवर बाल्कनीत. तीनशे फुटांवर आलो की संगणक या सगळ्यांना गोळा करायला धावायचा, आणि तेवढा वेळ मी हवेत तिष्ठत राहायचो. उपाय एकच: डीफ्रॅग. म्हणजे सगळ्या कुटुंबांना आपापल्या रांगेत शेजारी-शेजारी बसवणं. मासिकात ठळक अक्षरांत सूचना होती, की हे काम चालू असताना संगणकाला हात लावू नये.

रविवारी सकाळी चहा झाल्यावर मी ते काम सुरू केलं. पडद्यावर बारीक बारीक चौकोन पसरले. सलग फायलींचे निळे, विखुरलेल्यांचे लाल, रिकाम्या जागेचे पांढरे. आमची डिस्क बरीचशी लाल होती. एक लाल चौकोन लुकलुकला, नाहीसा झाला आणि वर निळा होऊन उगवला. मला भरून आलं. मी आंघोळीला गेलो.

परत आलो तर पडद्यावर मी स्वतः होतो. म्हणजे माझी लँडिंग्ज. संगणक नुसता बसला की चित्रं दाखवायला लागतो, त्या स्क्रीनसेव्हरमध्ये मी माझ्याच उत्तम लँडिंग्जचे फोटो घातले होते. माऊस हलवला. फोटो गेले, चौकोन आले, आणि खाली आकडा: शून्य टक्के.

पुन्हा सोडून पेपर आणायला गेलो. परत आलो, पुन्हा फोटो, पुन्हा शून्य. मग शेजारी बसून राहिलो, पेपर वाचता वाचता माऊसवर हात पडत राहिला, तर काम झपाझप आठ टक्क्यांवर गेलं. आता उलगडा झाला. स्क्रीनसेव्हर उठला की तो डिस्कवर काहीतरी खुडबुड करायचा. डिस्कवर काही हललं की डीफ्रॅग बिथरायचं आणि पहिल्यापासून मोजायला लागायचं.

"म्हणजे कुणीतरी समोर बसलं तरच काम करतं," बायको दारातून म्हणाली. "तुमच्या ऑफिससारखं."

"स्क्रीनसेव्हर बंद केला की झालं."

"मग कर."

"हात लावायचा नाहीये."

मी तिला मासिक दाखवलं. तिने ते वाचलं, माझ्याकडे बघितलं आणि मोजपट्टी आणायला गेली.

सासरे जेवणाच्या बऱ्याच आधी आले. ते हवाई वाहतूक नियंत्रक होते. उमेदीची सगळी वर्षं टॉवरमध्ये बसून त्यांनी दुसऱ्यांची विमानं उतरवली. स्वतः विमानात बसायला मात्र ते तयार नसत. आतून दिसत नाही काही, म्हणायचे. निवृत्त झाल्यापासून त्यांच्यासमोर काहीच हलत नव्हतं आणि त्यामुळे ते चिडचिडे झाले होते. ते खोलीत आले, चष्मा बदलला आणि पडद्यासमोर उभे राहिले ते उभेच.

"हे काय आहे?"

मी समजावून सांगितलं. सिनेमाच्या तिकिटांपासून.

"सिनेमा राहू दे. लाल म्हणजे वाट बघणारे. निळे म्हणजे उतरलेले. पांढरं म्हणजे मोकळी जागा. बरोबर?"

"अगदी बरोबर, बाबा."

"उठा, जावईबापू."

मी उठलो. ते बसले. मी त्यांना अडचण सांगितली: माऊस हलवला नाही तर स्क्रीनसेव्हर येतो, आणि हात लावला तर मासिक नको म्हणतं. त्यांनी डोळे मिटून विचार केला आणि निर्णय दिला. माऊस जरासा हलवणं म्हणजे हात लावणं नव्हे, ती विचारपूस झाली. बटण दाबणं म्हणजे हात लावणं. हा निर्णय त्या दिवशी कायद्यासारखा पाळला गेला.

"तो कोपऱ्यातला लाल बघा," थोड्या वेळाने ते म्हणाले. "केव्हाचा घिरट्या घालतोय. याला आधी घ्यायला हवं होतं. कोण ठरवतं हे?"

"प्रोग्रॅम."

"नवशिका दिसतो."

कॅप्टन आणि मेहुणी आले तेव्हा चाळिसाच्या आसपास टक्के झाले होते. कॅप्टन सुटीच्या दिवशी असतो तसा होता, म्हणजे दाढी न केलेला आणि जगात कसलीच घाई नसलेला. मी त्याला सांगितलं, थोडा उशीर आहे.

"उशिराचं मला काही सांगू नका, दादा. उशिरावरच आमचा संसार चाललाय." मग त्याने पडद्याकडे बघितलं. "पण हा स्क्रीनसेव्हर बंद का नाही करत?"

"विमान हवेत असताना इंजिन बदलतात का?" सासरे मान न वळवता म्हणाले.

कॅप्टनने माऊसकडे गेलेला हात मागे घेतला. आकाशात तो कितीही मोठा असला तरी हा आवाज त्याने ऐकायचाच असतो.

जेवणाची वेळ झाली. आकडा पंचावन्नावर होता. आता प्रश्न असा, की माऊसपाशी कोण बसणार. माझ्या सासऱ्यांच्या घरात प्रश्न आला की पाळ्या लागतात. बायको सांगते, त्यांच्या लहानपणी दूध तापायला ठेवलं तरी पाळ्या असायच्या. इथेही लागल्या. प्रत्येकाने आधीच्याकडून रीतसर ताबा घ्यायचा.

"उजवीकडे दाटी आहे," सासरे मेहुणीला म्हणाले. "खाली जागा मोकळी. माऊस तुझ्या ताब्यात."

"बरं, बाबा."

"बरं नाही. काय म्हणायचं?"

"माऊस माझ्या ताब्यात," मेहुणी म्हणाली आणि ताट मांडीवर घेऊन बसली. तिला सवय होती.

एवढ्यात बायको मोजपट्टी घेऊन आली. तिने भिंत मोजली, मग खिडकी, मग टेबलाच्या मागून हात घालून कोपरा. पट्टी कीबोर्डवरून गेली तेव्हा सासरे बाहेरून ओरडले, "बटण!"

"लागलं नाही, बाबा." ती मला म्हणाली, "पलंग इथे आडवा बसतो. डोक्याशी स्टूल. वजनं खिडकीखाली."

"अजून निकाल लागायचाय."

"म्हणून तर पेन्सिलने लिहितेय." तिने भिंतीवर खरोखरच पेन्सिलने खूण केली. मग आवाज खाली आणला. "काल एक बाई आल्या होत्या. खांद्याचं ऑपरेशन झालंय. हात इथवर वर जातो." तिने स्वतःचा हात कानाच्या खाली धरून दाखवला. "आणखी थोडे दिवस मिळाले तर केस विंचरता येतील त्यांना. मी त्यांना पुढची तारीख दिली नाही, कारण कुठे बोलवू ते मला माहीत नव्हतं."

पैज पैजेच्या जागी असते, आणि माझा उपायावर विश्वास होता. पण आकड्याकडे बघायचं सोडून मी बराच वेळ त्या पेन्सिलच्या खुणेकडे बघत होतो, हे खरं.

जेवणानंतर पाळी कॅप्टनची आली. आकडा ब्याण्णव होता. पडद्यावर लाल शोधावा लागत होता. सासरे बाहेर सोफ्यावर जरा लवंडले होते; जाताना त्यांनी कॅप्टनला रीतसर ताबा दिला होता आणि कॅप्टननेही तो रीतसर घेतला होता. आम्ही बाकीचे भांडी आवरत होतो.

मी खोलीत डोकावलो तेव्हा कॅप्टन माझ्या खुर्चीत मागे रेलून, हात पोटावर बांधून, गाढ झोपला होता. पडद्यावर मी एका बेटावर उत्तम लँडिंग करत होतो.

मी ओरडलो असणार, कारण सगळे धावत आले. सासरे सगळ्यांच्या पुढे. त्यांनी माऊस हलवला. दहा टक्के.

कॅप्टन डोळे चोळत उठला. "सॉरी, बाबा. सवय आहे हो. सगळं सुरळीत चाललं की..."

"सुरळीत चाललं की काय?"

"काही नाही."

"झोपतोस की काय तू वर?"

"नाही, बाबा. वर दुसरा जागा असतो."

"मी परत विमानात बसणार नाही," सासरे म्हणाले. याआधी ते बसलेच नव्हते, हे दाखवून देण्याची ती वेळ नव्हती.

मेहुणीने नवऱ्याला तेवढ्या वेळात तीन वेळा कॅप्टन म्हटलं, प्रत्येक वेळी आधीपेक्षा खालच्या पट्टीत. बायकोने फक्त खिडकीबाहेर उतरत्या उन्हाकडे बघितलं. आज विमान उडालं नाही, तर अटीप्रमाणे सोमवारी पलंग येणार होता. ते तिला बोलून दाखवावं लागलं नाही.

"थांबा," मी म्हणालो. माझा आवाज शांत होता. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकते तेव्हा आतल्या लोकांशी असंच बोलावं लागतं. "आकडा दहा आहे, पण चौकोन निळे आहेत. काम झालेलं आहे. तो फक्त पुन्हा मोजतोय."

आणि तसंच झालं. दुपारी ज्या टक्क्यांसाठी आम्ही आळीपाळीने जेवलो होतो, ते आता भराभर पळायला लागले. तीस. पन्नास. सासऱ्यांनी खुर्ची ओढली. सत्तर. मेहुणी माझ्या खांद्यावरून वाकली. माऊसवर सासऱ्यांचा हात, त्यांच्या मनगटावर कॅप्टनची नजर.

"एकदा जमलेल्यांना परत जमवायला वेळ लागत नाही," सासरे म्हणाले. "आमच्या वेळी धुकं उठलं की असंच व्हायचं."

नव्वद. पंचाण्णव. शेवटचा लाल चौकोन तळाच्या ओळीत एकटा उभा होता. सासरे पुढे झुकून अगदी हळू आवाजात त्याला म्हणाले, "ये. जागा मोकळी आहे. ये." तो लुकलुकला आणि निळा झाला.

आम्ही टाळ्या वाजवल्या. मोजपट्टी हातात धरून बायकोनेही वाजवल्या.

मग कॅप्टन खुर्चीत बसला. दुपारची झोप त्याच्या अंगावर शेकलेली होती, त्यामुळे तो पहिल्यांदाच नीट ताठ बसला होता. विमान उडालं. त्याने एक मोठा फेरा घेतला, डोंगर बघितले, "बरे काढलेत हो," म्हणाला, आणि वळून धावपट्टीच्या रेषेत आला. सासरे पाठीमागे हात बांधून उभे.

"उतरण्याची परवानगी आहे," ते म्हणाले. हे वाक्य त्यांनी निवृत्तीनंतर प्रथमच म्हटलं असावं.

हजार फूट. सहाशे. चारशे. तीनशे.

काहीही झालं नाही. दिवे आले, डांबर आलं, टॉवर आला, सगळे आपापल्या जागी, एकमेकांच्या शेजारी. धावपट्टी लोण्यासारखी खालून सरकत आली. कॅप्टनने जॉयस्टिक बोटभर मागे घेतली, चाकं टेकली, विमान थांबलं. त्याने पडद्यावरून नजर न काढता हात खाली घेतले.

"नाही दादा," तो म्हणाला. "हे खेळणं नाही. शेवटच्या भागात तर माझे पाय पेडल शोधत होते. मागच्या वेळचा शब्द मी परत घेतो."

"निकाल," सासरे बायकोला म्हणाले, "स्पष्ट आहे."

"हो, बाबा," ती म्हणाली. "खोली त्याची."

अशा वेळी शहाणा माणूस संगणक बंद करतो. पण मेहुणी म्हणाली, "भाऊजी, आता तुम्ही दाखवा ना!" आणि मला तरी कुठे राहवत होतं? घराच्या मालकाने आपल्या धावपट्टीवर एकदा उतरायला नको? मी खुर्चीत बसलो, कॅप्टनसारखाच फेरा घेतला, त्याच्यापेक्षा सुबक, आणि रेषेत आलो.

"परवानगी आहे, जावईबापू."

पाचशे. चारशे. तीनशे. मी थबकण्याची वाट बघितली. दोनशे. मी अजून वाट बघत होतो. तोपर्यंत जमीन आली. विमान नाकावर उभं राहिलं, मग आडवं झालं, आणि पडद्यावर लाल अक्षरं उमटली.

"असू दे, सवय नाही," कॅप्टन म्हणाला. ही त्याची दयाबुद्धी मला सर्वात झोंबली.

दुसऱ्यांदा मी थबकण्याची वाट बघायची नाही असं ठरवलं, आणि म्हणून फार आधी स्टिक ओढली. विमानाने नाक वर केलं, वाऱ्यात दम सोडला आणि शेपटीवर आपटलं. तिसऱ्यांदा धावपट्टी सापडलीच नाही, टॉवर सापडला. सासऱ्यांनी तो आघात वैयक्तिक धरला.

तिसऱ्या वेळेला मला काय झालंय ते कळलं होतं, आणि मी ते जसंच्या तसं सांगूनही टाकलं. इतकी वर्षं मी त्या थबकण्यावर उतरत होतो. चित्र अडकलं की स्टिक हळूच ओढायची आणि चित्र परत येईपर्यंत धरून ठेवायची, एवढीच माझी विद्या. तिला मी अनुभव म्हणत होतो. आता चित्र अडकत नव्हतं, तर ओढायचं कधी, हे सांगायला कुणी उरलं नव्हतं.

सासरे म्हणाले, "नाचता येईना अंगण वाकडं, असे पुष्कळ पाहिले. अंगण सरळ केल्यावर नाच विसरलेला मात्र आमच्या घरात हा पहिलाच."

सगळे हसले. मीही हसलो, हात दाखवून अवलक्षण केल्यावर दुसरं करण्यासारखं काही नसतं. एकटी बायको हसत नव्हती. ती कोपऱ्यात रबराने भिंतीवरची पेन्सिलची खूण पुसत होती.

"काय करतेस?" मी विचारलं.

"तुझी खोली आहे. भिंत खराब नको." तिने फुंकर मारून रबराचा चुरा उडवला. "उद्या त्या जिन्याच्या जागेला हो म्हणते. गुडघेवाल्यांना घरी जाऊन बघेन."

तिच्या आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता. तिने शब्द दिला होता आणि ती तो पाळत होती, इतकंच. टोमणा मारला असता तर माझ्याकडे उत्तर तयार होतं.

सासरे खाकरले. "पंच म्हणून एक सांगू? खोली विमानाची झाली, ते ठीक. पण तीन अपघात एका दुपारी म्हटल्यावर वैमानिकाचा परवाना राहत नाही. सलग तीन लँडिंग नीट होईपर्यंत तुम्ही जमिनीवर. आणि जमिनीवरच्या माणसाला खोली..."

"नको, बाबा," बायको मध्येच म्हणाली. "ठरलं ते ठरलं. मागून नियम काढायचे नाहीत."

"तुला कोण विचारतंय? मी त्यांना विचारतोय. जावईबापू, मान्य?"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. नाही म्हणायचा मला पूर्ण हक्क होता. अट माझ्या बाजूने होती, साक्षीदार होते, निकाल लागला होता. मी कॅप्टनला म्हणालो, "त्या बाजूने धर."

"काय धरू?"

"मॉनिटर. एकट्याला झेपत नाही. आणि वायर आधी काढ, नाहीतर दारात अडकशील."

बायको म्हणाली, "अरे, कुठे नेतोस?"

"हॉलमध्ये. सराव मोठ्या जागेतच व्हायला पाहिजे. इथे पंख पसरायलाही जागा नाही."

"पडद्यातल्या विमानाला?"

"तुला त्यातलं कळत नाही," मी म्हणालो. दारातून मॉनिटर तिरका करताना माझं बोट चौकटीत चेमटलं, त्यामुळे पुढचं वाक्य तितकं भारदस्त झालं नाही. "आणि ती खूण परत काढ. स्टूल डोक्याशीच बरं."

तिने लोखंडी टेबलाला कोपराने जरा ढकलून बघितलं आणि म्हणाली, "हे पण न्या. मला हे इथे नकोय."

सोमवारी पलंग आला. आता हॉल ही तिच्या पेशंटांची बसायची जागा आहे, आणि माझी सरावाची. खांद्याच्या त्या बाई पहिल्याच आठवड्यात आल्या. सोफ्यावर बसून त्यांनी माझी दोन लँडिंग्ज पाहिली आणि दुसऱ्या वेळी डोळे झाकायला नकळत दोन्ही हात वर नेले. बायको दारातून बघत होती. तिने त्यांना लगेच पलंगावर घेतलं. "एवढा वर गेला म्हणजे आणखी जाईल," म्हणाली. कंबरदुखीचे एक काका तर वेळेआधीच येऊन बसतात आणि तीनशे फुटांवर "ओढा, ओढा!" म्हणून ओरडतात. मी त्यांच्या सांगण्यावर ओढत नाही. सासरे दर रविवारी येतात, परवानगी देतात आणि निकाल नोंदवतात. परवा माझी चाकं धावपट्टीला व्यवस्थित टेकली होती. धावपट्टी शेजारच्या विमानतळाची निघाली, म्हणून त्यांनी ते धरलं नाही. ते त्यांच्या शिस्तीत बसतं.

सलग तीन लँडिंग्जमधल्या तिसऱ्याबद्दल माझ्या मनात काडीचीही शंका नाही. पहिली दोन व्हायची आहेत, एवढंच.